२५५६ कुठून आला : अवकलज आणि प्रायमोरियल पाया, प्रकल्प नोंदी

१५ जून २०२४, शनिवार, मुलुंड

नवी वही घातली. काम एकच: एक क्रमिका तयार करायची आणि तिच्यात फिरून स्वतःवरच येणाऱ्या संख्या शोधायच्या.

त्यासाठी दोन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे संख्येचा अवकलज. कॉलेजात डेरिव्हेटिव्ह शिकताना गुणाकाराचा जो नियम पाठ केला होता, तेवढाच उचलायचा आणि पूर्णांकांना लावायचा: (अब)′ = अ′ब + अब′. प्रत्येक मूळ संख्येचा अवकलज १ आणि १ चा अवकलज ०, एवढं ठरवलं की बाकी सगळं आपोआप ठरतं. करायला सोपं आहे. संख्येला तिच्या एकेका मूळ अवयवाने भागायचं (अवयव दोनदा आला तर दोनदा) आणि आलेले भागाकार मिळवायचे. ३० चे १५ + १० + ६, म्हणजे ३०′ = ३१. तसंच ६′ = ५, ९′ = ६, १५′ = ८.

दुसरी गोष्ट प्रायमोरियल पाया. बारा पैंचा आणा, सोळा आण्यांचा रुपया, असा हिशेब आजोबांची पिढी तोंडी करायची. प्रत्येक स्थानाचा पाया वेगळा. इथेही तसंच, फक्त पाया म्हणून क्रमाने मूळ संख्या येतात: २, ३, ५, ७, ११... त्यामुळे स्थानांच्या किमती १, २, ६, ३०, २१०, २३१० अशा होतात; यांनाच प्रायमोरियल म्हणतात. एककाच्या जागी ० किंवा १, पुढच्या जागी २ पर्यंत, त्यापुढे ४ पर्यंत, मग ६ पर्यंत, मग १० पर्यंत.

आता जोडणी. संख्या या पायात लिहायची आणि तिचे अंक मूळ संख्यांचे घातांक समजायचे: एककाचा अंक २ चा घातांक, त्याच्या डावीकडचा ३ चा, मग ५ चा. ४७ = ३० + २×६ + २×२ + १, म्हणजे अंक १, २, २, १. त्यावरून ७ × २५ × ९ × २ = ३१५०. या संख्येला घ(४७) म्हणू. मग तिचा अवकलज: १५७५ + २१०० + १२६० + ४५० = ५३८५. याला ड(४७) म्हणू. क्रमिका म्हणजे ड(०), ड(१), ड(२)...

१६ जून

कोड लिहिला, पायथनमध्ये, जेमतेम पानभर. अवकलज काढायचा तर आधी अवयव पाडावे लागतात, आणि मोठ्या संख्येचे अवयव पाडणं ही जगातली किती अवघड गोष्ट आहे ते सांगायला नको. इथे मात्र ते काम मुळातच नाही. घ(न) आपण घातांकांवरूनच बांधतो, म्हणजे अवयव हातात आहेत. म्हणून लूपमध्ये दोन आकडे सोबत वागवायचे, आतापर्यंतचा गुणाकार आणि त्याचा अवकलज. नवीन अंक आला की गुणाकाराच्या नियमाने दोन्ही पुढे सरकवायचे. दशांश अपूर्णांकांना हात लावायचा नाही, सगळं पूर्णांकांत. घ(२३०९) च वीस अंकी आहे. तिथे फ्लोटवर भरवसा ठेवला की शेवटचे अंक गेलेच.

२२ जून

पहिल्या ओळी, ० पासून: ०, १, १, ५, ६, २१, १, ७, ८, ३१, ३९, १२३, १०, ४५, ५५, १८५, २४०, ७०५...

दिसतं ते टिपून ठेवतो. ड(न) = १ फक्त न स्वतः प्रायमोरियल असताना: १, २, ६, ३०, २१०. कारण तेव्हा एकच अंक १ असतो, घ(न) मूळ संख्या होते, आणि मूळ नसलेल्या संख्येचा अवकलज कधी १ येत नाही. २, ३ आणि ४ या क्रमिकेत कुठेच येणार नाहीत. १ सोडून कुठल्याही मूळ नसलेल्या संख्येचा अवकलज तिच्या वर्गमुळाच्या दुपटीपेक्षा कमी नसतो, त्यामुळे ४ पर्यंतच शोधावं लागतं, आणि तिथे फक्त ४′ = ४ भेटतो. पण ४ हा घ(न) होऊ शकत नाही, २ चा घातांक १ च्या वर जातच नाही.

सम-विषमाचा नियमही सुटला. न विषम असेल तर घ(न) = २ × (विषम म), आणि अवकलज म + २म′, तो विषमच. म्हणजे ड(न) पुन्हा पुन्हा ड मध्ये घालत गेलं तर विषमातून निघालेली साखळी कायम विषमच राहते. न सम असेल तर घ(न) विषम, प्रत्येक भागाकार विषम, आणि भागाकार किती तर अंकांची बेरीज असेल तितके. म्हणून ड(न) सम की विषम हे अंकबेरजेवरून ठरतं. कोड तपासायला याच्याइतकं स्वस्त साधन नाही. प्रत्येक रनच्या शेवटी घालून ठेवलं आहे.

२३ जून

थोडा इतिहास वाचला. होसे मिंगोत शेली या स्पॅनिश गणितज्ञाने १९११ मध्ये या अवकलजावर लिहिलं. १९५० च्या पुटनम स्पर्धेत (अमेरिकेतली कॉलेज विद्यार्थ्यांची गणित स्पर्धा) त्यावर प्रश्न होता. १९६१ मध्ये बार्बो यांचा छोटा लेख आला आणि २००३ मध्ये उफ्नारोव्स्की व ओलांडर यांनी विषय पुन्हा सविस्तर मांडला. गोल्डबाखचं अनुमान (२ पेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते) इथे अगदी दाराशी उभं आहे: प आणि फ मूळ असतील तर (पफ)′ = प + फ. ते अनुमान खरं असेल तर २ सोडून प्रत्येक सम संख्या कशाचा तरी अवकलज असते. एवढ्यावर थांबलो, नाहीतर महिना त्यातच जायचा.

२९ जून

हे दोन विषय एकत्र का आणायचे, हा प्रश्न ऑफिसातल्या एकाने विचारला. त्याचं म्हणणं, कुठल्याही दोन गोष्टी जोडून क्रमिका बनवता येते, त्यात गंमत काय? प्रश्न रास्त आहे. भरमसाट क्रमिका अशाच बनतात, आणि त्यातल्या बहुतेक निव्वळ खटपट असतात. ही तशी नाही. कारण लिहून ठेवतो.

अवकलज पुन्हा पुन्हा काढत गेलं तर काय होतं? काही संख्या घसरत ० वर येतात: ९, ६, ५, १, ०. काही जागच्या हलत नाहीत: ४′ = ४, २७′ = २७. सर्वसाधारण नियम असा की संख्येत मूळ संख्या प निदान प वेळा असेल, म्हणजे २ दोनदा, ३ तीनदा, ५ पाचदा, तर अवकलज त्या संख्येपेक्षा लहान होऊच शकत नाही, आणि तो प चा प वा घात अवकलजातही जसाच्या तसा उतरतो. एकदा हे झालं की सुटका नाही. ८ वरून १२, १६, ३२, ८०, १७६, असं चढतच जायचं. म्हणजे ० वर परत येऊ पाहणाऱ्या संख्येला एकच सीमा पाळायची आहे: प चा घातांक प पर्यंत जाऊ द्यायचा नाही, प − १ वर थांबायचं.

आणि प्रायमोरियल पायात प च्या स्थानावरचा सगळ्यात मोठा अंक किती? प − १.

ही सीमा कोणी मुद्दाम जुळवलेली नाही. ० पासून पुढच्या सगळ्या संख्या या पायात लिहून घ(न) काढले की नेमक्या त्याच संख्या मिळतात ज्यांना कुठल्याही प चा प वा घात भागत नाही. एकही सुटत नाही, एकही दोनदा येत नाही. अवकलजाला ज्या संख्यांची भीती आहे त्या सगळ्या या पायाने दाराबाहेर ठेवल्या. म्हणून ड ही क्रमिका मला कारागिरी वाटत नाही, शोध वाटतो. सोमवारी त्याला हे सांगेन. त्याचं तोंड बघण्यासारखं होईल.

३० जून

साखळ्या. ड(न) पुन्हा ड मध्ये घालायचा.

४ → ६ → १ → १. बरं.

१० → ३९ → २४७ → ७१९ → १८५ कोटी २७ लाख ६ हजार ६२५. शेवटची उडी हाताने पडताळली. ७१९ चे अंक ३, २, ४, २, १; घ(७१९) = ७३,३७,१३,७५०; पाच भागाकारांच्या राशी मिळवल्या की बरोबर तेवढेच. प वा घात नसला तरी साखळी उसळू शकते, हे यातून कळलं. अंक मोठे झाले की घातांक मोठे होतात आणि संपलं.

मग ७: अंक १, ०, १, घ(७) = १०, १०′ = ७. आणि ८: अंक १, १, ०, घ(८) = १५, १५′ = ८. दोन्ही जागच्या जागी. नुसत्या अवकलजात १५ वरून ८ वर आलं की ८ पासून ती अखंड चढण सुरू होते. इथे त्याच ८ ला पायातून वाचलं की तो परत १५ होतो.

९ → ३१ → ९. दोघांची फुगडी! घ(९) = ३०, ३०′ = ३१; ३१ = ३० + १, म्हणून घ(३१) = १४, १४′ = ९.

८ जुलै, सोमवार

रात्रभर पाऊस कोसळला, सकाळी लोकल बंद. भाची काल राहायला आली होती ती इथेच अडकली. अकरावीत आहे. वही चाळून म्हणाली, “मामा, तू सातच आणि आठच स्थिर का हे लिहिलंच नाहीस. नुसतं कोडने सांगितलं.” म्हटलं, मग तूच सांग.

दुपारपर्यंत तिने केलं, आणि इतकं नीटस केलं की तिच्याच पद्धतीने उतरवून घेतो. घ उलटा फिरवला तर प्रत्येक मूळ संख्येची एक किंमत ठरते, तिच्या स्थानाची: २ ची १, ३ ची २, ५ ची ६, ७ ची ३०, ११ ची २१०, १३ ची २३१०. न स्थिर असायला घ(न) चा अवकलज आणि त्याच्या मूळ अवयवांच्या किमतींची बेरीज सारखी हवी. दोनच अवयव असतील, प आणि फ, तर अवकलज प + फ. म्हणजे प + फ = (प ची किंमत) + (फ ची किंमत). आता किंमत वजा संख्या असा फरक लिहायचा:

२ साठी −१, ३ साठी −१, ५ साठी +१, ७ साठी +२३, ११ साठी +१९९, पुढे वाढतच.

दोन फरकांची बेरीज ० हवी. उणे फरक फक्त २ आणि ३ ला, +१ फक्त ५ ला. म्हणून २×५ आणि ३×५, बस्स. त्याच १० आणि १५, म्हणजे न = ७ आणि ८. तिसरं काही शक्यच नाही.

एकच अवयव असेल तर अवकलज १, किंमतही १ हवी, म्हणजे फक्त २; न = १. आणि अवयवच नसेल तर न = ०.

“आता तीन अवयवांचं बघू,” असं म्हणून तिने दुसरं पान घेतलं. कांदाभजी झाल्यावर बघू असं मी सुचवलं, ते मान्य झालं.

९ जुलै

तीन अवयव: काही नाही. तिन्ही विषम असतील तर अवकलज विषम आणि किमतींची बेरीज सम, तिथेच बाद. म्हणून २ हवाच, आणि २ एकदाच येऊ शकतो. उरलेले दोन ३, ५, ७, ११ मधले. १३ आला की किंमत २३१० आणि अवकलज त्याच्या जवळपासही पोचत नाही. २×३×७ जरा जवळ गेला: अवकलज ४१ विरुद्ध किमतींची बेरीज ३३. २×७×७ : ७७ विरुद्ध ६१. गाड्या सुरू झाल्या, भाची गेली, पान माझ्याकडे.

१४ जुलै, रविवार

चार अवयव. हे लांबलं.

आधी वरची मर्यादा. सगळ्यात मोठा अवयव १७ धरला तर किंमत निदान ३००३०, आणि चार अवयवांच्या संख्येचा अवकलज जास्तीत जास्त १७ च्या घनाची चौपट, १९६५२. पुरत नाही. १९ ला तर अंतर आणखी वाढतं. म्हणून सगळे अवयव १३ पर्यंतचे. सगळ्यात मोठा ११ असेल तर उलटी अडचण: अवकलज नेहमीच किमतीच्या वर. सगळ्यात लहान विषम उदाहरण ३×३×५×११ घेतलं तरी ४७४ विरुद्ध २२०. ७ किंवा त्याहून लहान असेल तर तेच. म्हणजे एक तरी १३ हवाच.

२ आणि १३ दोन्ही असतील तर उलट अवकलज तोकडा पडतो. २×११×११×१३ सगळ्यात जवळ: २३८७ विरुद्ध २७३१. उरले विषम चौकडे. एकेक करून तपासले, संध्याकाळ त्यातच गेली, चहा दोनदा गार झाला.

३×११×११×१३ : २७९४ विरुद्ध २७३२.
७×७×७×१३ : २२५४ विरुद्ध २४००.
७×११×१३×१३ : ५०४४ विरुद्ध ४८६०.
१३×१३×१३×१३ : ८७८८ विरुद्ध ९२४०.

आणि मग ५×७×११×१३. अवकलज १००१ + ७१५ + ४५५ + ३८५ = २५५६. किमती ६ + ३० + २१० + २३१० = २५५६.

बाकी सगळे हुकले. म्हणजे चार अवयवांत ५००५ ही एकच संख्या, आणि स्थिर न एकच, २५५६. पायात तो १, १, १, १, ०, ० असा दिसतो. कोडने हे सेकंदाच्या आत छापलं असतं. पण दुसरा नाही, हे यादी पुरी केल्याशिवाय पटत नाही. भाचीला फोटो पाठवला. उत्तर: “मामा, १००१ म्हणजे ७×११×१३ रे!” हो, बाई, माहीत आहे.

१७ जुलै, आषाढी एकादशी

सुट्टी. साबुदाण्याच्या खिचडीनंतर डोकं चालत नाही असं म्हणतात, पण आज चाललं.

पहिलं: अवयव किती ते एकदा ठरवलं, समजा क, तर स्थिर संख्या मोजक्याच असणार. सगळ्यात मोठा अवयव फ असेल तर अवकलज फ च्या (क − १) व्या घाताच्या क पटीच्या वर जात नाही. किंमत मात्र फ च्या आधीच्या सगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार, आणि तो कुठल्याही ठरावीक घाताला शेवटी मागे टाकतोच. प्रत्येक क साठी यादी मर्यादित.

दुसरं जास्त उपयोगी निघालं. ३ ने भागून बाकी बघायची. किमतींमध्ये २ ची १, ३ ची २, आणि ५ पासून पुढच्या सगळ्या ६ च्या पटीत. समजा घ(न) मध्ये २ आणि एकच ३ आहे, घ(न) = २×३×क्ष. अवकलज ६क्ष′ + ५क्ष, आणि ३ ने भागल्यावर २क्ष एवढंच उरतं. ते ० होऊ शकत नाही, कारण क्ष मध्ये ३ नाही. किमतींची बेरीज मात्र १ + २ + ६ च्या पटी, बाकी ०. जमत नाही. ३ दोनदा आला तर अवकलजाची बाकी ०. किमतींची बाकी मात्र घ(न) मध्ये २ हा अवयव असेल तर २, नसेल तर १. तेही जमत नाही.

म्हणून स्थिर न च्या शेवटच्या दोन अंकांना तीनच पर्याय: ००, ०१, १०. म्हणजे स्थिर संख्येला ६ ने भागलं तर बाकी ०, १ किंवा २ च. २५५६, ७ आणि ८ तिघे तीन खणांत एकेक. रविवारी हे सुचलं असतं तर ३×३ असलेल्या सगळ्या ओळी लिहाव्याच लागल्या नसत्या.

२१ जुलै

पाच अवयव. पाचही विषम असतील तर अवकलज विषम आणि किमती सम, बाद. म्हणून २ हवा. २ आहे म्हणजे बुधवारच्या नियमाने ३ नको. मोठा अवयव १९ असेल तर किंमत निदान ५,१०,५१०, आणि २ सोबत असताना अवकलज जास्तीत जास्त १,८५,१९३; म्हणून १७ पर्यंतच. चार अवयव ५, ७, ११, १३, १७ मधून निवडायचे.

त्यावर पुन्हा ३ ची चाळणी. ३ ने भागून २ बाकी उरणारे (५, ११, १७) चारांत एक किंवा दोनच असले तर जमतं; एकही नसेल, तीन असतील किंवा चारही असतील तर नाही. उरल्या ३० शक्यता. सगळ्या हाताने लिहिल्या, मग कोडने पडताळल्या. एकही जुळली नाही. सगळ्यात जवळ २×७×१३×१३×१७ : अवकलज ३४४११, किमतींची बेरीज ३४६८१. २७० कमी पडले.

पाच अवयवांपर्यंत, म्हणजे अंकबेरीज ५ पर्यंत, पूर्ण यादी: ०, १, ७, ८, २५५६.

सहा अवयवांसाठी २ असलेले आणि नसलेले असे दोन वेगळे तक्ते करावे लागतील. ५ ने भागून बाकी बघण्याचा प्रयोग आधी करायचा. ७ पासून पुढच्या सगळ्या किमती ३० च्या पटीत आहेत, तेव्हा तिथेही बरंच छाटलं जाईल. भाचीची चाचणी परीक्षा झाली की तिला २ असलेला तक्ता द्यायचा, दुसरा मी करीन.